खिडकीची वाटणी

आमच्या घराची वाटणी सासूबाईंच्या भावानं, आसाराममामांनी केली. मामांच्या वाटणीत खोट काढणारा माणूस श्रीगोंदा तालुक्यात अजून जन्मायचा आहे, असं मामाच सांगतात. विहिरीच्या पाळ्या, म्हशी, बांधावरच्या बाभळी, सगळं त्यांनी एका दुपारी, दोनदा चहा पिऊन मोकळं केलं. सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ तेवढं एकच होतं. "भांडनाचं मूळच नगं," असं म्हणून ते मामा स्वतःच घेऊन गेले.

अडलं ते खिडकीपाशी.

आमचा बंगला साखर कारखान्याच्या रस्त्याला आहे. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसरात्र दारावरून जातात. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून जी गाणी लावलेली असतात, त्यांनी आमची झोप जाते. वरून कारखान्याची काजळी पडते ती वेगळीच. म्हणून बंगला बांधताना आमच्या ह्यांनी, म्हणजे राधाकृष्ण यांनी, हॉलला पुण्याहून डबल काचेची खिडकी आणली. दोन काचा, मध्ये कोंडलेली हवा, कडेनं काळं रबर. बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "वहिनी, बाहेर बॉम्ब पडला तरी आत कळणार नाही." बॉम्ब काही पडला नाही, पण ट्रॅक्टर खरंच मुके झाले. लोक पाहुण्यांना घेऊन खिडकी बघायला यायचे. एकजण आत बसायचा, दुसरा बाहेरून त्याला शिव्या द्यायचा आणि मग आत येऊन विचारायचा, "काय ऐकू आलं?" नाही म्हटलं की दोघंही खूश व्हायचे.

वाटणीत घराचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग झाले. मागचा आमचा, पुढचा धाकट्या दिराचा, ज्ञानेश्वरचा. त्यानं पुढचा व्हरांडा भिंत घालून बंद केला आणि तिथं स्वयंपाकघर काढलं. त्यामुळे रस्त्याकडे बघणारी आमची खिडकी आता माझ्या जावेच्या गॅसकडे बघायला लागली. एवढी महागाची खिडकी फोडून टाकायला कुणाचा जीव होईना, आणि ती कुणाची हेही ठरेना. तेव्हा मामांनी मांडीवर थाप मारली.

"दोन काचा हायत नव्हं? भाऊबी दोनच हायत. आतली थोरल्याची, भाईरची धाकल्याची. ज्यानं त्यानं आपली पुसायची. झालं!"

न्याय असावा तर असा, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. आमच्या घराण्यात अक्कल वाटायला कुणी बसलं नव्हतं हे त्या दिवशी लक्षात यायला हवं होतं.

आता माझ्या जावेबद्दल. तिचं नाव निकिता. ती लग्न होऊन आली तेव्हा माझी सृष्टी पाचवीत होती. सृष्टीच्या वेण्या तिनं घातल्या, तिला स्कूटी तिनं शिकवली, आणि बारावीच्या परीक्षेला केंद्रापर्यंत सोडायलाही तीच गेली, कारण मला म्हणे घाबरून घाबरवायची सवय आहे. आम्ही दोघी एका चुलीवर होतो तेव्हा भांडायचो, पण भांडून झालं की एका ताटात जेवायचो. वेगळ्या झाल्यावर भांडण करायची सोय राहिली नाही, आणि मग अबोला आला.

तो आला पाण्यावरून. खिडकी स्वच्छ ठेवावी तर ती माझ्यासारखी. मी आपली बादलीभर पाणी घेऊन माझी काच धुवायची, फ्रेमचा पन्हाळही धुवायची. फ्रेमच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या बाजूनं, बारीक भोकं असतात. पाणी तिथून जायचं. पण आता बाहेर म्हणजे निकिताचा ओटा. एकदा तिच्या लाटलेल्या चपातीवर थेंब पडले. तिनं ज्ञानेश्वरला सांगितलं, ज्ञानेश्वरनं एम-सील आणलं आणि भोकं बुजवून टाकली. वर आमच्या ह्यांना म्हणाला, "तुमचं पानी आमच्या घरात नगं." हे म्हणाले, "पानी काय तुज्या बाचं हाय?" बाप दोघांचा एकच होता, पण तेव्हा ते कुणाला सुचलं नाही.

त्या दिवसापासून बोलणं बंद. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत काचेवर डाग आला.

आधी कोपऱ्यात धुरकट ठिपका होता. मग तो पसरला आणि सकाळच्या वेळी त्यात पाण्याचे मणी दिसायला लागले. मी माझी बाजू घासली. डाग हलेना. म्हणजे तिच्या बाजूचा. फोडणीची वाफ, तेलाचे शिंतोडे, दुसरं काय असणार? काचेतून निकिता दिसायची, तीही पुसताना दिसायची. मी मनात म्हणायचे, बघा, दाखवायला पुसते, डाग सोडून भोवतीनं पुसते. पुढे सृष्टीकडून मला कळलं की निकिताही अगदी हेच म्हणत होती. काकू म्हणते, आई नुसता फडका फिरवते. अशा रीतीनं आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून, एकमेकींकडे न बघता, काच पुसायचो. मी थांबले की ती थांबायची. श्रीगोंद्यात आमच्याइतकी पुसलेली काच दुसरी नसेल, आणि तिच्यातून धड दिसायचं नाही.

मग सृष्टीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मंडळी राळेगणसिद्धीच्या पलीकडची, घरची चांगली बागायत, मुलगा नगरला नोकरीला. सृष्टीनं त्याच्याशी फोनवर दोन-चारदा बोलून घेतलं होतं आणि तिला तो आवडला होता. मुलीला आवडलेलं स्थळ घरी येणं हे किती अवघड असतं, हे ज्याला मुलगी आहे त्यालाच कळेल. आणि मुलीनं काय म्हणावं?

"काकू न्हाई तर मी पोहे घिऊन भाईर येणार न्हाई."

"न्हाई कशी? तुज्या काकाला मामा सांगतील की."

"काका न्हाई, काकू. आन् मामांनी न्हाई, तू सांगायचं."

म्हणजे मी निकिताशी बोलायचं, आणि तेही आधी. मी थोरली आहे. थोरलीनं आधी बोलायचं म्हणजे चूक थोरलीची होती असं गावजेवण घालून सांगण्यासारखं आहे. पण नाही बोलावं तर पाहुणे आल्या आल्या विचारणार, चुलते कुठंत? चुलती दिसत न्हाई? भावकीत बोलचाल नसलेल्या घरात पोरगी... नाही, पोरगी द्यायची आमची होती, पण मुलाकडची माणसंही मुलीचं घर बघतातच. आणि सृष्टीचा हट्ट मी ओळखते, तो माझ्याकडूनच गेलेला आहे. ती खरंच बाहेर आली नसती.

मी मनाची समजूत घातली, की आधी काचेचं बघू. पाहुण्यांचा सोफा बरोबर खिडकीसमोर येत होता. बसल्या बसल्या त्यांना तो डागच दिसणार. ज्या घरात एक काच धड पुसली जात नाही तिथली पोरगी काय संसार करणार, असं मीच दुसऱ्याच्या घरात बसून म्हणाले असते. म्हणून म्हणते.

शनिवारी दुपारी हे कारखान्यात होते, ज्ञानेश्वर दूध घालायला गेला होता, सृष्टी पार्लरला. मी खिडकीतून बघितलं तर निकिताच्या स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मनात आलं, पाच मिनिटांचं काम आहे. आपणच जाऊन तिची बाजू पुसून यावी. तिला कळणारही नाही, आणि बोलावंही लागणार नाही. जुन्या धोतराचा फडका घेतला, व्हिनेगरची बाटली घेतली, आणि मागच्या दारानं निघाले. घराला वळसा घालायला दोन वाटा आहेत, एक चिंचेकडून आणि एक गोठ्याकडून. मी चिंचेकडून गेले.

पुढच्या पायरीवर निकिताची चप्पल नव्हती. दाराला नुसती कडी होती. स्वतःच्याच घराच्या व्हरांड्यात मी चोरासारखी शिरले. आत गेल्यावर पाय जरा अडखळले. ओट्यावर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती. चटणीत मी जरा जास्तच लसूण घालते आणि निकिता त्यावरून मला नावं ठेवायची. बरणीचं झाकण उघडून वास घेतला, तर लसूण माझ्याइतकाच होता. झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि ओट्यावरून वाकून काचेला फडका लावला.

फडका कुरकुरला. स्वच्छ काचेवर कुरकुरतो तसा.

व्हिनेगर शिंपडलं, पुन्हा घासलं. तिची बाजू माझ्याइतकीच लख्ख होती, खरं सांगायचं तर कोपऱ्यात माझ्याहून जरा बरी. डाग होता तिथंच. मी नखानं खरवडलं. नख घसरलं, डागाला काही झालं नाही. आणि तेवढ्यात पलीकडे, माझ्या हॉलमध्ये, काहीतरी हललं.

चोर! दिवसाढवळ्या माझ्या घरात! मी ओट्यावरचं लाटणं उचललं. मग धुरकट काचेतून नीट बघितलं. चोर माझ्या स्टुलावर उभा होता, पदर खोचलेला होता, आणि हातात वर्तमानपत्राचा बोळा घेऊन तो माझी काच पुसत होता.

निकिता.

तिनं वर बघितलं. मी तिच्या घरात लाटणं उगारून, ती माझ्या घरात बोळा धरून, अशा आम्ही समोरासमोर उभ्या होतो. मग मी तोंड उघडलं. "माज्या घरात काय करतीस गं?" मी चांगली ओरडले. तिचंही तोंड हललं. तीही ओरडत होती, हे तिच्या मानेच्या शिरेवरून कळत होतं. मला मात्र एक अक्षर ऐकू आलं नाही. बॉम्ब पडला तरी कळणार नाही असं तो माणूस म्हणाला होता, ते खरंच होतं.

मी डागावर बोट ठेवलं. म्हणजे बघ, हा काय डाग. तिनं पलीकडून त्याच डागावर बोट ठेवलं. मी पुसून दाखवलं, तिनं पुसून दाखवलं. मी थुंकी लावून पुसलं, तिनंही लावली. डाग दोघींच्या बोटांमध्ये जसाच्या तसा. तो माझ्या बाजूला नव्हता, तिच्याही नव्हता. इतके दिवस ज्याच्यावरून मी तिला मनातल्या मनात आळशी, घाणेरडी, कामचुकार, काय काय म्हणाले, तो तिच्या हाताला लागणं शक्यच नव्हतं.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला, ते मला दिसलं. माझाही तसाच झाला असणार. मग तिला हसू फुटलं. आवाज नसलेलं हसू, खांदे हलवणारं. आणि मला मेलीला रडू आलं. लाटणं खाली ठेवून मी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाले, "उद्या ये." तिनंही त्याच वेळी काहीतरी म्हटलं.

आम्ही दोघींनी हातानं खुणावलं, थांब, मी येते. आणि दोघी निघालो. मी चिंचेकडून धावले. ती गोठ्याकडून. मी माझ्या हॉलमध्ये पोचले तर ती तिच्या स्वयंपाकघरात, काचेपलीकडे, धापा टाकत उभी! आता ती तिच्या घरात आणि मी माझ्या, पहिल्यासारख्या. तिनं कपाळाला हात लावला.

आमच्यात रीत अशी की थोरलीनं बसायचं आणि धाकटीनं यायचं. निकिता रीतीची आहे, ती पुन्हा निघायला वळली. मी काचेवर दोन्ही तळवे आपटले. ऐकू गेलं नाही, पण काच हादरलेली तिला कळली असावी. ती वळली. मी दोन्ही हातांनी तिला दाबून बसवल्यासारखं केलं. तू बस. मीच येते.

आणि गेले.

ती दारातच उभी होती. "जाऊबाई," ती म्हणाली, "आदी तुमीच बोल्लात हां. मी बघितलं."

"मी कुटं? तुजं तोंड आदी हाललं."

"तुमचं आदी हाललं. काय म्हन्लात?"

"तू काय म्हन्लीस?"

ती सांगेना, मग मीही सांगितलं नाही. त्या खिडकीला दोन काचा आहेत, पण साक्षीला एकही उभी राहत नाही.

तिनं चहा टाकला. चहा होईतो मी खिडकी बसवणाऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. डाग दोन काचांच्या मध्ये आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "आत वाफ गेली वहिनी. फ्रेमच्या खाली बाहेरच्या अंगाला पाणी जायची भोकं असतात, ती मोकळी आहेत ना?"

निकितानं एम-सीलकडे बघितलं. मग दोघींनी फोनकडे बघितलं.

"अन् आतून बादलीनं पाणीबिणी तर मारत नाही ना कुणी? ओल्या फडक्यानं पुसायची असते ती. पाणी तुंबलं की काचेची कड पाण्यात बसते, सील सुटतं. आता पुसून जाणार नाही, काच बदलायची."

"कुनाच्या बाजूची?" मी विचारलं.

"बाजू कसली, वहिनी? दोन्ही मिळून एकच नग असतो तो. एक बदलायची, एक ठेवायची, असं नसतं."

फोन ठेवल्यावर आम्ही मामांचं नाव घेतलं, आणि आशीर्वाद द्यायला घेतलं नाही. मग निकितानं ज्ञानेश्वरचा स्क्रू-ड्रायव्हर आणून एम-सील उचकटलं. फ्रेममधून गढूळ पाणी ठिबकायला लागलं. तिनं खाली पातेलं ठेवलं. आम्ही चहा पीत ते ठिबकणं ऐकत बसलो. भांडण कशावरून झालं होतं ते पातेल्यात साठत होतं, आणि ते जेमतेम पातेलंभर होतं.

काच लगेच मिळणार नव्हती. तेव्हा डाग राहिला तसाच. रविवारी पाहुणे आले. आसाराममामा मधल्या खुर्चीत, कोपऱ्यात आमचे हे आणि ज्ञानेश्वर शेजारीशेजारी. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण पाहुण्यांशी बोलताना "आमी दोघं" म्हणत होते. पुरुषांना काच पुसायला लावायला हवी होती, ते लवकर सुधारले असते. निकिता सकाळीच आली होती. सृष्टीची साडी तिनं नेसवली, आणि सृष्टी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा ट्रेचं दुसरं टोक तिनं धरलं होतं. मुलगा सृष्टीकडे बघून हसला. मला वाटलं, झालं, पार पडलं.

आणि मुलाच्या आईनं मान वर केली.

"खिडकीला काय झालं वो ह्या?"

मुलाचे वडील उठून जवळ गेले, चष्मा लावून मणी बघितले. त्यांच्या भागातली माणसं पाणी बघितलं की उठणारच. "पानी अडवलंय की तुमी हितं," ते म्हणाले. सगळे हसले. मुलाची आई हसली नाही. तिची नजर डागावरून सोफ्याच्या खोळीवर आली, तिथून माझ्या हातांवर आली. ती माझं घर तपासत होती.

मला तोंड उघडायचं होतं. पण जिभेवर काय आलं सांगू? "ते त्यांच्या बाजूचं हाय." इतक्या दिवसांची सवय! खरं काय ते कालच डोळ्यांनी बघितलं होतं, फोनवर कानांनी ऐकलं होतं, तरी तेच वाक्य पुढं आलं. मी ते दातांमागं धरून ठेवलं आणि दुसरं शोधत राहिले. सील, वाफ, भोकं, हे सगळं भरल्या बैठकीत कसं सांगायचं?

"माज्या बाजूनं हाय ते," निकिता म्हणाली. "माजं सैपाकघर हाय तिकडं. फोडनीचं उडतं. पुसायचं राह्यलं बगा कामाच्या गडबडीत. जाऊबाईंची बाजू आरशावानी असती, हात लावून बगा."

मुलाची आई म्हणाली, "व्हय का," आणि पोह्यांकडे वळली. निकिता खाली मान घालून चहाचे कप भरायला लागली. दोन गावांच्या माणसांसमोर तिनं स्वतःला आळशी म्हणवून घेतलं होतं, अगदी मी मनात म्हणायचे तशी.

वर्षभर मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, की आधी तिनं बोलावं. ती आधी बोलली. मी उठले आणि तिच्या हातातली किटली घेतली, कारण मला तिथं बसवेना.